परात, पाणी आणि भिंतीतलं भोक: ओट्यासाठी सिंक निवडताना

जुना कडप्प्याचा ओटा काढून ग्रॅनाइट बसवायचं ठरलं की दगडाच्या रंगावर आठवडाभर चर्चा होते आणि सिंक मात्र मिस्त्री कटिंगला बसल्यावर घाईघाईत आणलं जातं. हे उलटं करा. सिंक आधी घरात येऊ द्या. त्याच्या खोक्यातल्या साच्यावरूनच दगड कापायचा असतो, अंदाजानं नाही.

दुकानात जाण्याआधी टेप घेऊन तीन मापं वहीत लिहा. पहिलं माप परातीचं. कुकर, पातेली कुठंही मावतात. अडते ती परात, आणि भाकरीच्या घरात ती रोज धुवायची असते. दुकानदार ‘२४ बाय १८’ म्हणतो ते कडेसकटचं माप असतं, आतली जागा साधारण २२ बाय १६ भरते. तेव्हा आतलंच माप विचारा.

दुसरं माप ओट्याच्या रुंदीचं. २४ इंची ओट्यावर १८ इंची सिंक बसवलं की पुढे-मागे मिळून ६ इंच उरतात. पुढची पट्टी ३ इंचांच्या आसपास ठेवा. ती फार बारीक झाली तर जड भांडं आपटल्यावर तिथंच तडा जातो. कापाचे कोपरेही गोलसर हवेत. काटकोनात कापलेल्या ग्रॅनाइटची चीर कोपऱ्यातूनच सुरू होते.

तिसरं माप भिंतीतल्या सांडपाण्याच्या भोकाचं, आणि सगळ्यात जास्त चुका इथं होतात. जुनी सिंकं ६-७ इंच खोल असायची, त्यामुळे भोक फरशीपासून १८-२० इंचांवर ठेवलेलं असतं. त्या जागी १० इंच खोल सिंक आणलं, तर ३३ इंची ओट्यावर त्याचा तळ २३ इंचांवर येतो. खाली कपलिंग (सिंकच्या भोकाला बसणारी जोडणी) आणि बॉटल ट्रॅप (तळाशी पाणी धरून गटाराचा वास अडवणारी बाटलीसारखी वाटी) बसवायला निदान ८ इंच लागतात, म्हणजे भोक १५ इंचांवर किंवा त्याखाली हवं. जागा नसली की प्लंबर लवचिक पाइप वर वळवून भोकात घालतो. मग त्या वळणात खरकटं साचतं, वास येतो, दर महिन्याला पाणी तुंबतं. ओटा फोडलेलाच आहे तर भोक खाली घ्या आणि पाइपला फुटामागे पाव इंच उतार द्या. भिंत फोडायची नसेल तर ७-८ इंची सिंकवर समाधान माना.

खोली ठरवताना भांडी घासणाऱ्या माणसाची उंचीही बघा. सरळ उभं राहून बोटं तळाला टेकली पाहिजेत. तेवढ्यासाठी वाकावं लागलं, तर अर्ध्या तासात कंबर धरते.

आता पत्रा. स्टीलमध्ये ३०४ ग्रेडच घ्या. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. ते स्वस्त पडतं आणि बोअरच्या खाऱ्या पाण्यात लवकर डागाळतं. चुंबकावर भरवसा ठेवू नका, या दोन्ही पत्र्यांना तो सहसा चिकटत नाही. मँगनीज तपासायच्या द्रवाचा थेंब टाकून बॅटरी लावली, तर २०२ वर तो लाल होतो. बऱ्याच दुकानांत हे किट असतं. जाडी १ मिमी किंवा जास्त असावी. गेजमध्ये बोलणं झालं तर लक्षात ठेवा, आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. ग्रेड आणि जाडी दोन्ही बिलावर लिहून घ्या.

चौकोनी कोपऱ्यांची हँडमेड सिंकं सध्या खूप चालतात. दिसायला ती सुरेख, पण ज्वारीचं पीठ काटकोनात वाळून बसतं आणि नखानं खरवडावं लागतं. कोपरे किंचित गोल असलेलं निवडा. दुकानात सिंक सपाट टेबलावर ठेवून आत तांब्याभर पाणी ओतायला सांगा. पाणी मधल्या भोकाकडे न जाता कडेला थबकलं, तर घरी रोज तिथं क्षाराचं पांढरं कडं धरेल. काळं क्वार्ट्‌झचं सिंक बोअरच्या घरात याच कारणासाठी टाळावं. त्यावर प्रत्येक थेंबाची खूण उठते.

सिंकला एक भांडं, म्हणजे खोलगट कप्पा, की दोन? नुसत्या सोयीसाठी दोन नकोत, परात कशातच बसत नाही. पण ओटा लांब असेल आणि मागं अंगण असेल, तर दुसऱ्या छोट्या भांड्याला वेगळा ट्रॅप आणि वेगळा पाइप देऊन भाज्या-तांदळाचं धुवण झाडांकडे सोडता येतं. बाहेरच्या तोंडाला जाळी लावा. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आपल्या भागात हा पाइप चैनीचा नाही.

नळाचं आणि बोअरचं पाणी वेगळं येत असेल तर सिंकवर दोन तोट्या काढा. एकमजली घराच्या गच्चीवरच्या टाकीतून जेमतेम ०.३ बार दाब मिळतो, त्यावर ओढून काढायचा फवारा नीट चालत नाही. साधा उंच मानेचा नळ बरा. त्याच्या तोंडाची जाळी क्षारानं बुजली की काढून व्हिनेगरमध्ये भिजवा.

ग्रॅनाइटखालून सिंक लावणार असाल तर नुसत्या सिलिकॉनवर सोडू नका. भरलेलं सिंक जड होतं. खाली लोखंडी अँगल किंवा कडप्प्याचा टेकू हवाच.

फरशी पुसायला मिस्त्री ॲसिड वापरतात. त्याच्या वाफेनंही नव्या स्टीलवर तपकिरी ठिपके उठतात, म्हणून ते काम संपेपर्यंत सिंक खोक्यातच ठेवा.

प्लंबरचे पैसे देण्याआधी सिंक काठोकाठ भरा, ट्रॅपखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरा, तासाभरानं बूच काढून सगळं पाणी एकदम सोडा आणि कागद तपासा.