डिजिटॅक्टवर चालू धूनीची पट्टी बदलताना

एलेक्ट्रॉन डिजिटॅक्टवर (सॅम्पल वाजवणारं ड्रम मशीन) सिक्वेन्स, म्हणजे स्टेप्सची वाजती रांग, चालू असताना पट्टी वर-खाली करणारा ट्यून नॉब फिरवला आणि काही स्टेप्स सरकल्या, काही जागच्या जागी राहिल्या, तर कारण बहुधा हेच: त्या स्टेप्सवर ट्यूनचे पॅरामीटर लॉक आहेत, म्हणजे त्या स्टेपपुरती ट्यूनची किंमत ठरवून ठेवली आहे. लॉक असलेली स्टेप नॉबचं ऐकत नाही.

उपाय सोपा आहे. धून स्टेपच्या नोटमध्ये (स्वराच्या नोंदीत) ठेवा, ट्यून हातासाठी मोकळा सोडा. दोन्हींची बेरीज होते.

१. धून क्रोमॅटिक मोडमध्ये (बटणं कीबोर्डसारखी स्वर वाजवतात) रेकॉर्ड करा, म्हणजे स्वर ट्रिगच्या, म्हणजे स्टेपवरच्या नोंदीच्या, नोटमध्ये जातात.
२. आधीचे ट्यून लॉक काढा: स्टेप दाबून धरा आणि एसआरसी (सॅम्पलच्या सेटिंगच्या) पानावर ट्यूनचा नॉब दाबा.
३. फंक्शन आणि येस दाबून पॅटर्न तात्पुरता सेव्ह करा.
४. आता ट्यून फिरवा. आकडे अर्ध्या स्वरांचे: +5 ला सा मध्यमावर जातो, +7 ला पंचमावर.
५. परतायला फंक्शन आणि नो.

बाहेरच्या कीबोर्डचा आर्पेजिएटर (धरलेले स्वर एकामागून एक वाजवणारी सोय) त्या ट्रॅकच्या मिडी चॅनलवर सोडलात तरी हेच चालतं. बोटं तीच स्वरावली धरून राहतात, पट्टी डाव्या हातातल्या नॉबवर. हे फार सुखाचं आहे, करून बघाच.

सांभाळा: नॉब फिरवताना ट्रॅकचं बटण दाबलेलं नको, नाहीतर किक-स्नेअरसकट सगळे ऑडिओ ट्रॅक सरकतात. आणि साध्या वन-शॉटमध्ये (एकदाच वाजून संपणाऱ्या सॅम्पलमध्ये) स्वराबरोबर वेगही बदलतो. -12 ला 2 सेकंदांचा सॅम्पल 4 सेकंद चालतो. म्हणून हे छोट्या सुरेल सॅम्पलवर करा, तालात फिरत राहणाऱ्या लूपवर नको.