पाठीला पाठ लावून इंग्रजी

महाराष्ट्रात २००० पासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी माझ्या सातवीच्या वर्गात ‘स्पीक’ म्हटलं की मुलं छताकडे बघतात. बोलायला काही कारण लागतं, ते असं द्या.

एसटीच्या वेळापत्रकाचे दोन कागद करा. एकावर सांगली-मिरजेच्या वेळा कोऱ्या, दुसऱ्यावर साताऱ्या-कराडच्या. जोडीला पाठीला पाठ लावून बसवा, नाहीतर डोकावणं ठरलेलंच! आता विचारल्याशिवाय रकाना भरत नाही: “व्हॉट टाइम डज द सांगली बस लीव्ह?” हे वाक्य आधी फळ्यावर लिहून म्हणवून घ्या. वेळा मुद्दाम ७.१५, ७.५० अशा ठेवा. फिफ्टीन-फिफ्टीत घोळ झाला की “सॉरी? वन फाइव्ह ऑर फाइव्ह झीरो?” आपोआप येतं, आणि मला तेच हवं असतं.

बोलणं चालू असताना टोकू नका. “बस इज गो” ऐकलंत तर वहीत टिपा, शेवटी नाव न घेता फळ्यावर घ्या. थोडी मराठी कुजबुज चालते. मग जोड्या बदला, नवे कागद द्या आणि वेळ कमी करा.