बायपासनंतर चालायला नेताय? आधी हे बघा

मावशीला सर्जननी बाहेर फिरायची परवानगी दिली आणि घरात लगेच बूट कुठले घ्यायचे यावर चर्चासत्र सुरू झालं. बूट कुठलेही घ्या, घसरणारी चप्पल नको, संपला विषय. पाणी, मोबाइल, सोबतीला माणूस, हे सांगावं लागू नये. यादीत पहिली लिहायची ती थांबण्याआधीची पाच-सात मिनिटं. अण्णांच्या वेळी आम्ही सगळं केलं आणि नेमकं हेच राहिलं.

अण्णा ट्रॅकवर छान चालत होते. जुने मित्र भेटले, ‘या या, कसं काय’ झालं, अण्णा जागच्या जागी थांबले आणि उभ्याउभ्या गप्पा सुरू. मिनिटभरात कपाळावर घाम, चेहरा पांढराफटक, हात हवेत काहीतरी शोधतोय. मित्रांनी धरून खाली बसवलं म्हणून निभावलं. कारण साधं आहे. चालताना पोटऱ्यांचे स्नायू पायातलं रक्त वर ढकलत असतात. माणूस एकदम थांबला की ते ढकलणं बंद, पण पायातल्या रक्तवाहिन्या अजून रुंदावलेल्याच असतात. रक्त खाली साचतं, बीपी घसरतं. त्यात या मंडळींना बीपी उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतात. म्हणून हळू होत होत थांबायचं, खटकन नाही. कुणी भेटलं तर त्यालाच म्हणायचं, ‘चला, चालता चालता बोलू.’

यासाठी मोबाइलवर गजर लावा, पण संपायच्या वेळेचा नको, हळू व्हायच्या वेळेचा लावा. 20 मिनिटं चालायचं असेल तर तो 13व्या-14व्या मिनिटाला वाजला पाहिजे. सुरुवातीची पाच मिनिटंही रमतगमतच. ती लोक आपोआप पाळतात, शेवटची पाळत नाहीत.

आता कागद. डिस्चार्ज कार्ड फाइलला लावून ठेवण्यासाठी नसतं, वाचा. किती चालायचं, जिने किती, 2डी एकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाचं पंपिंग किती आलंय, हे डॉक्टरांना विचारून लिहून घ्या. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली कार्डिअॅक रिहॅब (हृदयरुग्णांसाठीचा ठरवून दिलेला व्यायाम) मिळत असेल तर आधी तिकडे जा, ट्रॅक कुठे पळून जात नाही.

मनगटावरच्या घड्याळातल्या ठोक्यांवर विसंबू नका. बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी संथ ठेवणारी गोळी, चालू असेल तर दम लागला तरी नाडी फारशी वाढत नाही आणि आपण खुळ्यासारखे ‘अजून 90च आहेत की’ म्हणत बसतो. खरी खूण बोलण्याची. चालता चालता मावशीला मेथीच्या जुडीचा भाव आणि भाजीवालीशी झालेली घासाघीस न धापता सांगता आली पाहिजे. वाक्य अर्ध्यात तुटलं की वेग कमी करायचा.

ऑपरेशनसाठी कापलेलं छातीचं हाड जुळायला साधारण सहा ते आठ आठवडे, कधी बाराही लागतात. तोवर बादली नाही, पिठाचा डबा नाही, बाकावरून उठताना हातांवर जोर नाही. आणि सोबत्यांनो, मदत म्हणून त्यांना दंडाला धरून ओढू नका! खोकला आला तर छातीशी उशी घट्ट धरायची.

डॉक्टरांनी सॉर्बिट्रेट (छातीत दुखल्यावर घ्यायची गोळी) दिली असेल तर ती फिरणाऱ्याच्या अंगावर हवी, घरच्या डब्यात नाही. मावशीच्या साडीला खिसा नसतो, म्हणून कमरेला बटवा. छातीत दुखलं की थांबून बसायचं, सांगितल्याप्रमाणे गोळी जिभेखाली. पाच मिनिटांत उतार नाही तर 108. इथे हळूहळू थांबायचा नियम नाही, इथे लगेच बसायचं.

जागा सपाट हवी. आमच्या नाशिकमध्ये कृषीनगरचा ट्रॅक किंवा गोल्फ क्लबचं मैदान ठीक. गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, जायची हौस असते, पण रामकुंडाच्या ओल्या पायऱ्या आणि गर्दी आत्ता नको. डोंगरावरची पांडवलेणी तर डॉक्टरांनी सांगेपर्यंत लांबूनच बघायची. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी हाडात शिरते. गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर ताण येतो, तेव्हा साडेपाचचा जुना हट्ट सोडून ऊन पडल्यावर निघा. आदल्या दिवशी एकट्याने फेरी मारून बाक कुठे आहेत, गाडी कुठवर येते ते पाहून ठेवा.

आणि परत तेच: घरी पोचलं म्हणजे फिरणं संपलं असं नाही. भरभर येऊन लगेच जिना चढायचा नाही. पार्किंगमध्ये दोन संथ फेऱ्या, मग लिफ्ट. लगेच कढत पाण्याने आंघोळ नको, तिनेही बीपी उतरतं. हळू व्हा, मग थांबा, मग बसा, मग आंघोळ. याच क्रमाने.

पुढचं थोडक्यात. दर काही दिवसांनी दोन-तीन मिनिटं वाढवा, हळूहळू आठवड्यातले पाच दिवस 30 मिनिटांपर्यंत. जेवणानंतर तासभर तरी नाही. मधुमेह असेल तर खिशात साखर. वजनं उचलणं, कपालभाती विचारल्याशिवाय नाही, श्वास कोंडून तर काहीच नाही. रोज सकाळी वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं किंवा पाय सुजले तर डॉक्टरांना फोन. ताप असेल, रात्री झोप झाली नसेल, तर त्या दिवशी सुट्टी.