आजीच्या ओव्या हव्यात? आधी जातं मांडा

लहानपणी पहाटेच्या घरघरीत ऐकलेल्या ओव्या आता पुन्हा ऐकाव्याशा वाटत असतील, तर आजीला नुसतं खुर्चीत बसवून "म्हण की एखादी" म्हणू नका. दोन ओळींवर गाडी अडते. ओवी तोंडापेक्षा हाताला जास्त पाठ असते. माळवदाखाली पडलेलं जातं पुसून घ्या, ओंजळभर ज्वारी द्या, समोर बसून खुंट्याला तुम्हीही हात लावा. माझ्या आजीला आधी एकही आठवेना. तिसरी वैरण, म्हणजे जात्यात टाकायची दाण्यांची मूठ, घातली, पाळूच्या म्हणजे जात्याच्या दगडाच्या कडेनं पीठ झरायला लागलं आणि भावाची ओवी आपोआप आली. मग ती थांबेचना.

रेकॉर्डिंगसाठी मोबाइल विमान मोडवर टाकून घडी घातलेल्या गोधडीवर ठेवा, जात्यापासून हातभर लांब. फरशीवर ठेवलात तर घरघर शब्द गिळून टाकते.

फक्त देवाच्या ओव्या मागू नका. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांनी बाबासाहेब आंबेडकरांवरही ओव्या गायल्या आहेत. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या संशोधकांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनात तर १ लाखाहून जास्त ओव्या जमल्या.

लिहून काढताना 'लई'चं 'खूप' करू नका, ओवीचा ताल मोडतो. ओवीशेजारी आजीचं माहेरचं गाव जरूर लिहा, कारण बऱ्याच ओव्या तिथूनच तिच्यासोबत आलेल्या असतात. आणि जमलं तर शेजारच्या मावशीलाही बोलवा. एकीनं ओवी उचलली की दुसरी पुढची जोडते.