लेकराला घेऊन थीम पार्कला कसं जावं: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांसाठी

आपल्या भागातून थीम पार्क म्हटलं की दोनच नावं पुढे येतात. एक खोपोलीजवळचं इमॅजिका, दुसरं बेंगळुरूच्या पलीकडे बिडदीला असलेलं वंडरला. बेळगावहून पहिलं चारशे किलोमीटरच्या वर आणि दुसरं पाचशेच्या वर. म्हणजे पार्कात एक दिवस घालवायचा तर त्याच्या मागेपुढे प्रवासाचे दोन दिवस धरावेच लागतात. मोठी माणसं हे निभावून नेतात. दीड ते तीन वर्षांचं पोर मात्र प्रवासातच अर्धं दमलेलं असतं. म्हणून नियोजन तिकिटापासून सुरू करू नका, पोराच्या दुपारच्या झोपेपासून करा. या वयात दिवसरात्र मिळून अकरा ते चौदा तास झोप लागते. त्यातली दुपारची बुडाली की संध्याकाळी कुणाचंच काही चालत नाही.

आधी जायचं का ते ठरवा

दोन वर्षांच्या मुलाला इमॅजिका आणि गावची यात्रा यातला फरक कळत नाही. घरात सात-आठ वर्षांचं मोठं भावंड असेल, त्याच्या हौसेखातर जाणं होत असेल, तर लहानग्याला खुशाल न्या. केवळ त्याच्यासाठी एवढा खर्च करत असाल तर माझं मत स्पष्ट आहे: आणखी दोन वर्षं थांबा.

तोवर जवळपास बरंच काही आहे. बेळगावजवळ भूतरामनहट्टीचं प्राणिसंग्रहालय सकाळच्या सकाळी होऊन जातं. कोल्हापूरच्या अलीकडे कणेरी मठावर गावगाड्याचे माणसाएवढे पुतळे आहेत. बैल, मोट, बलुतेदार बघत पोरं न कंटाळता फिरतात, फक्त पुतळ्यांना हात लावण्यापासून आवरावं लागतं. हुबळी ओलांडून महामार्गाने पुढे गेलात तर शिग्गावजवळ गोटगोडीला उत्सव रॉक गार्डन आहे. तिथेही खेड्यातलं जगणं शिल्पांतून उभं केलंय. कणेरी आणि गोटगोडी दोन्ही पहाटे निघून रात्री घरी येण्याच्या अंतरावर आहेत.

मोठ्या पार्कचं ठरलंच, तर आधी एखाद्या यात्रेत चाचणी घ्या. लक्ष्मी यात्रा असो की उरूस, पाळणे, भोंगे, गर्दी, दिवे सगळं तिथे असतंच. पोराला कडेवर घेऊन छोट्या पाळण्याजवळ थोडा वेळ नुसते उभे राहा. भोंगा वाजला की ते कानावर हात ठेवून तुमच्या खांद्यात तोंड खुपसतंय, की मान लांब करून पाळण्याकडे बघतंय? पहिल्या प्रकारचं असेल तर पार्कात मोठ्या आवाजाचे शो आणि अंधारातल्या राइड्स सरळ वगळा. "सवय होईल हळूहळू" म्हणून ढकलू नका. त्या दिवसात सवय होत नाही, भीती मात्र घरापर्यंत येते.

वय नव्हे, उंची मोजा

पार्कवाले जन्मतारखेपेक्षा उंचीकडे बघतात. वंडरलात ८५ सेंटीमीटरच्या आतल्या मुलांना तिकीट लागत नाही. दोन वर्षांच्या मुलाची सरासरी उंची ८६-८७ सेंटीमीटर असते, म्हणजे "आमचा अजून लहान आहे" हे तिकीट खिडकीवर चालेलच असं नाही. घरी भिंतीला टाच टेकवून उभं करा, डोक्यावर वही आडवी धरून पेन्सिलची खूण करा आणि टेपने मोजा. नियम आणि दर बदलत असतात, तेव्हा तिकीट काढायच्या दिवशी पार्कच्या वेबसाइटवर पुन्हा नजर टाका.

उंचीचा दुसरा उपयोग राइडसाठी. प्रत्येक राइडच्या तोंडाशी उंचीची पट्टी असते. कोणत्या राइडला किती उंची हवी ते घरीच बघून ठेवलंत, तर अर्धा तास रांगेत उभं राहून परत फिरायची वेळ येत नाही. राइडवरच्या कामगाराशी हुज्जत घालण्यात अर्थ नसतो, पट्टा लहान अंगावर नीट बसत नाही म्हणूनच तो नियम असतो.

तारीख निवडताना सीमेवर राहण्याचा फायदा घ्या

आपल्याकडच्या शाळा कर्नाटकच्या वेळापत्रकाने चालतात. ऑक्टोबरात दसऱ्याची लांब सुट्टी आपल्याला मिळते, तेव्हा महाराष्ट्रातली शाळा सुरू असते, तिकडची मोठी सुट्टी दिवाळीला. तेव्हा दसऱ्याच्या सुट्टीत इमॅजिकाला जा, तेही मंगळवार-बुधवार गाठून. अख्खा बेंगळुरू वंडरलाच्या रांगेत असतो तेव्हा तुम्ही उलट्या दिशेला असता. वंडरलाला जायचं तर महाराष्ट्रातल्या दिवाळी सुट्टीचा मधला वार बघा. एवढं करूनही शनिवार-रविवार निवडलात तर सगळं पाण्यात.

जून ते ऑगस्ट खोपोलीकडे नको. सह्याद्रीच्या पायथ्याचा पाऊस आहे तो, खानापूरकरांना वेगळं सांगायला नको. एप्रिल-मेचं ऊनही लहान मुलांना सोसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा सर्वांत बरी, पण तेव्हा पाण्यातले खेळ कमी धरा.

जाणं-येणं

बेंगळुरूसाठी रात्रीची रेल्वे. राणी चन्नम्मा एक्स्प्रेस बेळगावहून रात्रीत नेऊन सोडते, पोर झोपेत प्रवास करतं, आणि पाच वर्षांच्या आतल्या मुलाला वेगळा बर्थ घेतला नाही तर तिकीट लागत नाही. खालचा बर्थ मिळवा, मूल भिंतीच्या बाजूला आणि आई किंवा बाबा कडेला. वंदे भारत पटकन नेते हे खरं, पण तिच्यात बसूनच जायचं असतं आणि तिकिटाविना आलेल्या पोराला सीट नसते. इतके तास मांडीवर वळवळणारं दोन वर्षांचं मूल, हिशेब तुम्हीच करा. बेंगळुरूला उतरल्यावर स्टेशनला लागूनच संगोळ्ळी रायण्णांच्या नावाचं मेट्रो स्टेशन आहे (इंग्रजांशी लढलेले, आपल्याच जिल्ह्यातले ते). तिथून जांभळ्या लाइनने थेट चल्लघट्टापर्यंत जाता येतं, पुढे बिडदीला टॅक्सी.

खोपोलीकडे बहुतेक जण गाडीनेच जातात. पुण्यापर्यंत साधारण साडेतीनशे किलोमीटर. एका दमात पार्क गाठायचा अट्टहास करू नका. पुण्यात एखादा मामा, आत्या किंवा चुलतभाऊ नाही असं बेळगावात घर सापडणं कठीण, तेव्हा रात्रीचा मुक्काम तिथे टाका. निघताना पोराच्या झोपेची वेळ साधा. पहाटे चारला अंथरुणातून उचलून गाडीत घातलंत तर ते निपाणी, कागल मागे टाकूनच उठतं. मग दर दोन तासांनी थांबा, आणि थांबलात की त्याला खाली सोडा, हॉटेलात पुन्हा खुर्चीत कोंबू नका. मूल मागच्या सीटवर, लहान मुलांच्या खुर्चीत, पट्टा लावून. पुढे मांडीवर घेऊन बसायची आपल्याकडे फार आवड आहे, ती मोडा. अचानक ब्रेक लागला की हातातलं पोर धरून ठेवता येत नाही, आणि एअरबॅग उघडली तर ती त्याच्यावरच.

पोचलात त्याच दिवशी पार्कात शिरू नका. ही एक रात्र वाचवायला गेलं की दुसरा दिवस हातचा जातो.

पिशवीत काय हवं

बाहेरचं खाणं बहुतेक पार्कांत आत नेऊ देत नाहीत. तान्ह्या-लहान मुलांच्या खाण्याला सहसा सूट असते, पण आदल्या दिवशी फोन करून विचारून घ्या. आतलं खाणं तिखट, तेलकट आणि महाग. म्हणून नाचणीचं सत्त्व किंवा भाजलेल्या रव्याचं कोरडं मिश्रण छोट्या डब्यातून, बरोबर थर्मासमध्ये गरम पाणी. केळी, मऊ दशमी, खजूर बिया काढून आणि कुस्करून. चिरमुऱ्यांचा डबा आपल्याकडे कुठेही जाताना असतोच, पण तो मोठ्यांसाठी ठेवा. कोरडे चिरमुरे, शेंगदाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं चार वर्षांच्या आत घशात अडकायची भीती असते, त्यातून धावताना किंवा पाळण्यात बसून खाताना जास्तच. वंडरलाला जाणाऱ्यांची सकाळ सोपी आहे. बिडदीची तट्टे इडली प्रसिद्ध आहे, ताटलीएवढी आणि कापसासारखी मऊ, सांबार बाजूला ठेवून तूप-साखरेबरोबर दिली तर बरीच मुलं ती मुकाट खातात.

कपडे दोन जोड जास्त, टोपी, ओला टॉवेल, सनस्क्रीन, डायपर, ओआरएस. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच कालवायचं, अर्ध्या ग्लासात घट्ट करून पाजायचं नसतं. तापाचं औषध नेत असाल तर मात्रा तुमच्या डॉक्टरांकडून मुलाच्या वजनानुसार लिहून घ्या. बाबागाडी घडी होणारी, हलकी. नवी घेतली असेल तर आठवडाभर आधी तीत बसवायची सवय लावा.

हरवू नये म्हणून

सकाळी हॉटेलातून निघताना पोराचा त्या दिवसाच्या कपड्यांत, डोक्यापासून पायापर्यंत दिसेल असा फोटो काढा. घाबरलेल्या आईबापाला शर्टाचा रंग आठवत नाही, फोटो दाखवता येतो. मग हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या जरा वर, बॉलपेनने दोन मोबाइल नंबर लिहा आणि त्यावर पारदर्शक पट्टी चिकटवा, म्हणजे पाण्यानेही जात नाही. नाव लिहू नका. अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की पोर बिनधास्त त्याच्यामागे जातं. एक नंबर अशा माणसाचा हवा जो पाण्यात उतरणार नाही आणि ज्याचा फोन लॉकरमध्ये बंद नसेल.

आपली लहान मुलं फक्त मराठी बोलतात. बिडदीला कामगार कन्नड बोलणार, त्यामुळे युनिफॉर्म घातलेल्या माणसाकडे बोट दाखवून "असे कपडे असतात त्यांच्याकडे जायचं" एवढंच दोन-तीनदा सांगा. अडीच वर्षांच्या पुढच्यांना ते समजतं.

पार्कातला दिवस

गेट उघडायच्या वेळी दारात असा. पहिला दीड-दोन तास मूल ताजं असतं आणि रांगा छोट्या. नेमक्या याच वेळी मोठी माणसं मोठ्या रोलर कोस्टरकडे धावतात. तुम्ही उलट करा, छोट्या मुलांच्या विभागात आधी जा. इमॅजिकात मॅजिक कॅरोसेल, हॅपी व्हील्स, टबी टेक्स ऑफ अशा संथ राइड्स आहेत. एक राइड आवडली आणि पोराने "पुन्हा" म्हटलं तर पुन्हाच बसा. सगळ्या राइड्स वसूल करायचा नाद इथे सोडायचा. मुखवटा घातलेली मोठाली बाहुली फोटोला पुढे आली आणि पोर मागे सरकलं, तर फोटो राहू द्या.

मोठ्या भावंडासाठी आईबाबांनी पाळी लावून घ्या. एकाने मोठ्याला घेऊन रांगेत जायचं, दुसऱ्याने लहानग्याला घेऊन सावलीत. मग अदलाबदल. राहिले आजी-आजोबा. त्यांना पिशव्या राखायला दिवसभर एका बाकावर बसवण्याची आपल्याकडे पद्धतच आहे, आणि मग घरी आल्यावर आजी शेजारणीला सांगते की पार्क काही खास नव्हतं. लॉकर घ्या. पिशव्या त्यात टाका आणि आजीला कॅरोसेलवर नातवाशेजारी बसवा.

साडेबाराला जेवण, एक ते तीन झोप. यात तडजोड नको. वातानुकूलित हॉल, बालकक्ष, नाहीतर झाडाखाली बाबागाडी मागे कलती करून वर पातळ ओढणी, अर्थात हवा खेळती राहील अशी. तुमचा मुक्काम पार्कला लागून असेल तर खोलीवर जाऊन या, पण परत आत घेतात का आणि त्यासाठी हातावर शिक्का लागतो का ते आधी विचारा.

पाण्यात उतरताना

झोपेनंतर पाणी. सुती कपड्यांनी पाण्यात सोडत नाहीत, नायलॉनचा पोहण्याचा पोशाख घरूनच न्या, आतला भाव दुप्पट वाटतो. साधा डायपर पाण्यात फुगून जड होतो, पोहण्यासाठीचा वेगळा मिळतो. लाटांच्या तळ्यात लहानग्याला नेऊच नका, त्याच्यासाठी घोट्याएवढ्या पाण्याचा भाग असतो. तिथेही हात पोचेल एवढ्या अंतरावर राहा. बुडणारं मूल ओरडत नाही, हातपायही फारसे आपटत नाही. दंडाला लावायच्या फुग्यांवर विसंबू नका, ते खेळणं आहे. वीस मिनिटांत ओठ निळसर दिसले किंवा हनुवटी थरथरली की बाहेर काढा, डोकं पुसा, कोरडे कपडे घाला आणि काहीतरी गरम पाजा.

निघताना

चारच्या सुमारास मूल कान ओढायला लागतं, डोळे चोळतं, हातातली वस्तू फेकतं. तेव्हा निघा, बंद व्हायची वाट बघू नका. मोठ्याला एखादी शेवटची राइड हवीच असेल तर एकाने त्याच्याबरोबर थांबावं, दुसऱ्याने लहानग्याला घेऊन गेटकडे चालू लागावं. बाहेर पडायचा रस्ता बहुधा खेळण्यांच्या दुकानातूनच जातो. त्यातून पोराला कडेवर, तोंड तुमच्या खांद्याकडे करून पटापट बाहेर काढा. एखादी वस्तू घ्यायचीच असेल तर मोठ्यांपैकी एकाने आधी येऊन घेऊन ठेवावी.

बेंगळुरूहून त्याच रात्रीची गाडी असेल तर चालते, पोर तसंही झोपणार. झोपेचे कपडे, दुधाची बाटली आणि पांघरूण पिशवीत सगळ्यांत वर ठेवा, बर्थवर बसल्या बसल्या हाती लागायला हवं. स्वतः गाडी चालवत आला असाल तर मात्र रात्रीचा मुक्काम करा. दिवसभर उन्हात आणि पाण्यात दमलेल्या माणसाने रात्री खंबाटकी घाटात स्टिअरिंग धरू नये.