कुत्रीला पिल्लं कोणत्या वयात होऊ द्यावीत? पहिला माज सोडायचाच

कुत्री पहिल्यांदा हीटवर आली की घरात लगेच विषय निघतो, आता नराला लावायची का? माझं उत्तर सरळ नाही असं आहे, आणि का नाही ते नीट सांगते, कारण या एका घाईमुळे कोवळ्या कुत्र्यांचे फार हाल होतात.

माजावर आली म्हणजे तिला गर्भ राहू शकतो, एवढाच त्याचा अर्थ. छोट्या जातीच्या माद्या 6 ते 10 महिन्यांतच माजावर येतात, लॅब्राडॉर, जर्मन शेफर्डसारख्या साधारण 9 महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत कधीही, आणि ग्रेट डेन, मास्टिफ अशा थोराड जातीतल्या काही जणी तर दोन वर्षांच्या होईपर्यंत येत नाहीत. पण त्या वेळी तिचं स्वतःचंच अंग अजून भरत असतं, हाडं पक्की व्हायची असतात, मग पोटात सात-आठ पिल्लं वाढवायची आणि नंतर त्यांना दूध पाजायचं हे सगळं तिच्या वाढीतूनच जाणार ना. शिवाय ती मनानेही पिल्लूच असते. अशा पहिलटकरणी पिल्लांजवळ बसत नाहीत, घाबरतात, कधी अंगाखाली चिरडतात, आणि त्यात तिचा काहीच दोष नसतो.

पहिलं काम म्हणजे वही. पहिला रक्ताचा ठिपका दिसला ती तारीख लिहायची, कधी थांबलं ते लिहायचं, आणि प्रत्येक वेळी लिहायचं. बहुतेक माद्या 6-7 महिन्यांनी परत येतात, बसेंजीसारखी जात मात्र वर्षातून एकदाच. पहिला माज बऱ्याचदा धड नसतो, सुरू होतो, मधेच थांबतो, काही आठवड्यांनी परत येतो, त्यामुळे त्यावरून काहीच अंदाज बांधता येत नाही. काही जणी अंग इतकं चाटून साफ ठेवतात की रक्त दिसतच नाही, मग सूज आलीय का आणि आजूबाजूचे नर अचानक मागे लागलेत का यावर लक्ष ठेवायचं. दोन माजांची नोंद हातात आली की तिसरा कधी येईल ते बऱ्यापैकी कळतं आणि पुढची सगळी तयारी त्या तारखेच्या मागे लावता येते.

आता वयाचा आकडा. छोटी जात असेल तर दीड वर्ष पूर्ण आणि निदान दोन माज होऊन गेलेले. मध्यम आणि मोठी जात, दोन वर्षं पूर्ण. थोराड जातीत दोन ते अडीच वर्षं, कारण त्यांची वाढच उशिरापर्यंत चालते. आणि वरची मर्यादा पण तितकीच महत्त्वाची आहे, ती कुणी बोलत नाही. पहिलं वेत चार वर्षांच्या आत झालेलं बरं. पाच-सहा वर्षांची झाल्यावर पहिल्यांदाच लावली तर पिल्लं कमी होतात, मेलेली पिल्लं निघण्याची शक्यता वाढते आणि विताना ती अडण्याची भीती असते, तेव्हा त्या वयात नव्याने सुरुवात करूच नका.

दोन वर्षं का थांबायचं याचं अजून एक कारण आहे आणि मला ते सगळ्यात पटतं. बरेच आजार दोन वर्षांपर्यंत दिसतच नाहीत. हिप डिस्प्लेशियाचंच घ्या, खुब्याचा सांधा नीट न बसणं, अमेरिकेतली ओएफए संस्था त्याचं पक्कं सर्टिफिकेट कुत्रा 24 महिन्यांचा झाल्याशिवाय देत नाही. फिट येण्याचा आनुवंशिक आजार साधारण 6 महिने ते 6 वर्षं या काळात कधीही सुरू होऊ शकतो. त्वचेची ॲलर्जी बऱ्याच जणांत एक ते तीन वर्षांत उघड होते. म्हणजे तुम्ही दहाव्या महिन्यात लावली, पिल्लं घरोघरी गेली, आणि मग तुमची कुत्री लंगडायला लागली तर त्या सगळ्या घरांना काय सांगणार?

म्हणून तपासण्या आधी, नर शोधणं नंतर. खुबा आणि कोपराचा एक्सरे, छोट्या जातीत गुडघ्याची वाटी सरकते का, डोळे, हृदय, आणि तुमच्या जातीत जो आनुवंशिक आजार असतो त्याची डीएनए टेस्ट. ब्रुसेला कॅनिस या जंतूची टेस्ट नर आणि मादी दोघांची, प्रत्येक मेटिंगच्या आधी, यात हयगय नको, कारण त्याने गर्भ पडतो, तो पूर्ण बरा होईल याची खात्री नसते आणि माणसालाही होऊ शकतो. स्वभावही बघा, घाबरट किंवा चावरी असेल तर तपासण्या कितीही चांगल्या आल्या तरी तिला लावू नका. लस आणि जंताचं औषध माज यायच्या आधी उरकून घ्यायचं. वजन फार वाढलेलं असेल तर आधी ते उतरवायचं, जाड कुत्रीला कळा सोसत नाहीत.

मेटिंगचा दिवस ठरवताना माजाचा अकरावा-तेरावा दिवस असं ठोकताळ्याने चालू नका, कुणी सातव्या दिवशी तयार असते तर कुणी विसाव्या. व्हेटकडून दोन-तीन दिवसांआड रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन बघायचं, ते एका मिलिलिटरला 5 नॅनोग्रॅमच्या आसपास गेलं की बीज सुटलं असं धरतात, पण कुत्रीचं बीज सुटल्यावर पिकायला अजून दोनेक दिवस लागतात, म्हणून मेटिंग दोन ते चार दिवसांनी. जोडी अडकली तर ओढाताण नको, अर्धा-पाऊण तासही लागतो, आपोआप सुटतात. बीज सुटल्यापासून साधारण 63 दिवसांनी ती विते, त्यामुळे ती तारीख कळली तर बाळंतपणाचा दिवस पण जवळजवळ नक्की कळतो. गाभण असताना मनाने कॅल्शियम सुरू करू नका, व्यायल्यावर शरीर स्वतःचं कॅल्शियम वेळेवर सोडत नाही आणि झटके येऊ शकतात. आणि अर्धा तास जोरात कळा देऊनही पिल्लू येत नसेल किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवं-काळं पाणी गेलं तर लगेच दवाखाना.

समजा लहान वयातच चुकून मेटिंग झालं, गेट उघडं राहिलं, तर आता झालंच आहे तर होऊ दे असं म्हणू नका. व्हेटकडे जा, गर्भ थांबवायचे उपाय आहेत आणि जितक्या लवकर जाल तितकं तिला सोपं जातं. घरगुती औषधं किंवा माणसांच्या गोळ्या अजिबात नकोत.

एकदा तरी पिल्लं झालीच पाहिजेत नाहीतर ती आजारी पडते, हे ऐकून बरेच जण यात पडतात. ते खरं नाही. आयुष्यभर एकही वेत न झालेली कुत्री छान जगते. पिल्लं आठ आठवडे आईजवळ ठेवायची, आणि कुणाचं घर जमलं नाही तर ते पिल्लू परत घ्यायचं, एवढी तयारी असेल तरच सुरुवात करा.

दोन वेतांत मी तरी एक वर्ष ठेवेन, तेही तिचं वजन आणि केस परत भरले असतील तर. तीन वेतं पुष्कळ झाली. दोनदा सिझेरियन झालं असेल तर तिथेच थांबा, आणि सहाव्या वर्षानंतर नाहीच. मग गर्भाशय काढायचं ऑपरेशन करून घ्या, कारण वय वाढतं तशी प्रत्येक माजानंतर गर्भाशयात पू होण्याची भीती वाढते. माज संपून एक-दोन महिन्यांत ती खूप पाणी प्यायला लागली, खाणं सोडलं, उलट्या झाल्या, तर बाहेर काही स्राव दिसत नसला तरी हाच आजार असू शकतो, कारण गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर पू आतच साठतो. अशा वेळी रात्र असली तरी सकाळची वाट बघू नका.