घरचं स्टेडियम वाढवायचंय? आसनं शेवटी मोजा

फुटबॉल स्टेडियमच्या विस्ताराची घोषणा नेहमी आसनांच्या आकड्याने होते. आराखडा मात्र त्या आकड्यापासून सुरू केला, तर पुढे दृष्टिरेषा, जिने आणि गवत या तिन्हींत तडजोड करावी लागते.

पहिलं माप मैदानाचं. खेळाचं क्षेत्र १०५ × ६८ मीटर. रेषेबाहेरचं गवत, वॉर्म-अपची जागा, जाहिरातफलक वगैरे धरून १२५ × ८५ मीटर मोकळे ठेवा. चार आसनं वाढवायला पहिली रांग पुढे ओढू नका. फलकांमुळे जवळची टचलाइन (मैदानाच्या लांब बाजूची कडेची रेषा) झाकली जाते आणि त्या रांगेची तिकिटं तक्रारींसकट विकली जातात.

आता दृष्टिरेषा. मागच्या प्रेक्षकाची नजर पुढच्याच्या डोळ्यांवरून किती उंचीने जाते, त्याला सी-व्हॅल्यू म्हणतात. ९० मिलिमीटर चांगली, ६० च्या खाली जाऊच नका. ती काढायची अशी: पुढच्या प्रेक्षकाच्या डोळ्यांची मैदानापासूनची उंची घ्या (बसलेल्या माणसाचे डोळे पायरीपासून साधारण १.२ मीटरवर असतात). तीत मागच्या पायरीची चढण मिळवा. या बेरजेला पुढच्या प्रेक्षकाच्या टचलाइनपासूनच्या आडव्या अंतराने गुणा, मग तेच अंतर अधिक पायरीची खोली यांच्या बेरजेने भागा. आलेल्या उत्तरातून पुढच्याची उंची वजा करा.

उदाहरणार्थ अंतर २० मीटर, उंची ८ मीटर, खोली ८० सेंटिमीटर. चढण ४० सेंटिमीटर ठेवली तर सी-व्हॅल्यू ७७ मिलिमीटर, ४२ ठेवली तर ९६. फरक दोनच सेंटिमीटरचा, पण तीस रांगांत स्टँड ६० सेंटिमीटर उंच होतो आणि छतही तेवढंच वर जातं. म्हणून हा हिशेब पोलादाची ऑर्डर देण्याआधी, प्रत्येक रांगेसाठी वेगळा करा. वर जावं तशी चढण वाढवावी लागते. उतार ३४ अंशांपुढे नेऊ नका. कोपऱ्यातली आसनं स्वतंत्र तपासा, गफलत बहुतेक तिथेच होते.

बाहेर पडण्याचा हिशेब ब्रिटनच्या ‘ग्रीन गाइड’ या क्रीडांगण-सुरक्षेच्या मार्गदर्शिकेनुसार: एक मीटर रुंदीतून मिनिटाला सपाटीवर ८२ माणसं, जिन्यावर ६६. आगीचा धोका कमी असलेल्या बांधकामात आठ मिनिटं धरतात. म्हणजे सहा हजारांच्या स्टँडला जिन्यांची एकूण रुंदी किमान साडेअकरा मीटर हवी. ही रुंदी सर्वांत अरुंद जागी मोजा. वर तीन मीटरचा जिना आणि खाली दोन मीटरचं दार असेल, तर तो मार्ग दोन मीटरचाच. जुन्या स्टँडचे जिने नव्या मजल्याला ‘पुरतील’ असं कोणी म्हणालं, तर दोन्हीकडची गर्दी एकत्र करून पुन्हा मोजायला लावा.

गवताचा विचार सगळ्यात उशिरा होतो, आणि भोगावं लागतं सगळ्यात जास्त. आम्स्टरडॅमचं अरेना १९९६ मध्ये उघडलं. उंच स्टँड आणि छतामुळे तिथे सुरुवातीची बरीच वर्षं हिरवळ वारंवार बदलावी लागली. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडचा स्टँड वाढवला की हिवाळ्यात सावली थेट मैदानावर पडते. तेव्हा आराखड्याच्या टप्प्यावरच महिन्यावार सावलीचा नकाशा काढा, दक्षिणेच्या छताची पुढची पट्टी पारदर्शक ठेवा. चारही कोपरे बंद केले की वारा अडतो, दव सुकत नाही आणि बुरशी धरते. गवताला कृत्रिम प्रकाश देणाऱ्या दिव्यांच्या गाड्यांना वीजजोडणी आणि ठेवायला जागा आत्ताच राखून ठेवा.

खेळ न थांबवता काम करायचं असेल, तर मागून पुढे या. लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्डचा मुख्य स्टँड असाच वाढला: हंगाम चालू असताना जुन्या स्टँडच्या पाठीमागे नवा सांगाडा उभा राहिला आणि २०१६ मध्ये सुमारे ८,५०० जागांची भर पडली. त्यासाठी स्टँडमागे जमीन लागते. क्रेन, साहित्य आणि सामन्याच्या दिवशीची गर्दी यांचे रस्ते वेगळे आखून मगच पाया खणा.